उन्हाळी लागली, म्हणजे नेमकं काय झालं?

नमस्कार श्रोतेहो.

एप्रिल उजाडला की आमच्या दवाखान्यात एक वाक्य दिवसातून चार-पाच वेळा कानावर पडतं. बाई आधी दाराकडे बघते, बाहेर कोणी ऐकत नाही ना याची खात्री करते, खुर्ची थोडी पुढे ओढते आणि हळूच म्हणते, "मॅडम, उन्हाळी लागलीय." सोबत सासूबाई असल्या तर पुढची उत्तरं त्याच देतात. "उन्हात फिरते, पाणी पीत नाही, सांगितलेलं ऐकत नाही." त्यातलं पाणी न पिण्याचं बहुतेक वेळा खरं निघतं. पण ती का पीत नाही, हे कोणी विचारलेलं नसतं. त्याकडे येतेच मी.

आधी त्या 'उन्हाळी'बद्दल. शब्द एकच, पण त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी राहतात. उन्हात राबून घाम गेला, पोटात पाणी कमी गेलं, की लघवी थोडी होते, गडद पिवळी होते आणि चुरचुरते. दोन-तीन तांबे पाणी पोटात गेलं, धण्या-जिऱ्याचं पाणी किंवा सब्जा घेतला, की संध्याकाळपर्यंत लघवी स्वच्छ होते आणि तक्रारही जाते. याला कोणतीही गोळी लागत नाही.

दुसरा प्रकार जंतुसंसर्गाचा. लघवीची इतकी घाई होते की पोळी तव्यावर टाकून उठावं लागतं, आणि गेल्यावर येतात चार थेंब. दहा मिनिटांनी पुन्हा तेच. ओटीपोटात जड वाटतं, दुखतं. लघवी गढूळ दिसते, क्वचित लालसर. भरपूर पाणी पिऊनही दुसऱ्या दिवशी फरक नसतो. तिथे सब्जावर विसंबून राहू नका. आणि जळजळीबरोबर खाज असेल, अंगावरून पांढरं जात असेल, तर दुखणं लघवीच्या मार्गाचं नसून योनिमार्गाचं असू शकतं. त्याचं औषध वेगळं, म्हणून तेही संकोच न करता सांगायचं.

हे जंतू येतात कुठून? बाहेरून नाही. बहुतेक वेळा दोषी असतो ई. कोलाय, आपल्याच आतड्यात मुक्कामाला असलेला. तिथे तो सहसा त्रास देत नाही. शौचाच्या जागेवरून मूत्रमार्गात शिरला की मात्र उच्छाद मांडतो. पुरुषांचा मूत्रमार्ग साधारण २० सेंटीमीटर लांब, बायकांचा जेमतेम ४. म्हणजे दोन बोटं आडवी धरली तर जेवढं होईल तेवढं अंतर कापलं की जंतू मूत्राशयात. जवळजवळ निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्यात 'वागण्याचा' किंवा 'घाणेरडेपणाचा' प्रश्न नाही. हे मी नवऱ्यांना मुद्दाम ऐकवते.

आता त्या पाण्याबद्दल. एक शिक्षिका माझ्याकडे वर्षात चौथ्यांदा आल्या. गावाचं नाव सांगत नाही. सकाळी सातला घर सोडायचं, दोन गाड्या बदलायच्या, परत यायला साडेपाच. शाळेतल्या बाईंच्या स्वच्छतागृहाला कुलूप आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. "पुरुषांसमोर दर वेळी किल्ली कशी मागायची?" म्हणून त्या दिवसभर घोटभर पाण्यावर काढायच्या. लघवी तुंबून राहिली की जंतूंना वाढायला निवांत वेळ मिळतो; पाणी कमी प्यायलं की त्यांना धुऊन काढणारा प्रवाहच नसतो. बाजारात बसणारी भाजीवाली, उसाच्या फडातली मजुरीण, बसस्थानकावर तासभर थांबलेली मुलगी, सगळ्यांची कथा हीच. मुंबईत २०११ साली बायकांनी 'राइट टू पी', म्हणजे लघवीला जाण्याचा हक्क, या नावाने चळवळ उभी केली ती उगाच नाही.

दिवसाला दीड लिटरपेक्षा कमी द्रव पिणाऱ्या आणि वारंवार हा त्रास होणाऱ्या बायकांवर एक अभ्यास झाला. निम्म्या जणींना रोज दीड लिटर पाणी जादा प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांच्यात संसर्गाचं प्रमाण इतरांच्या जवळपास निम्मं राहिलं. फुकटचं औषध आहे हे. फक्त मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल, तर पाणी किती प्यायचं ते आधी डॉक्टरांना विचारा.

आता गोळ्या. माझं सगळ्यात जास्त डोकं इथे फिरतं. "मागच्या वेळच्या तीन उरल्या होत्या, त्या घेतल्या," किंवा "मेडिकलवाल्याने दिल्या." एखाद दिवस बरं वाटतं, मग त्रास उलटतो आणि जंतू त्या औषधाला सरावतात. ज्या सिप्रोफ्लॉक्सॅसिनवर पूर्वी सगळेच भरवसा ठेवायचे, त्याला आपल्याकडचे बरेच ई. कोलाय आता जुमानत नाहीत. स्ट्रिपवर उभी लाल रेघ दिसली, तर ते औषध चिठ्ठीशिवाय घ्यायचं नाही. साध्या संसर्गाला डॉक्टर बहुधा नायट्रोफ्युरँटॉइन ५ दिवस देतात किंवा फॉस्फोमायसिनची ३ ग्रॅमची पूड, पाण्यात विरघळवून एकदाच. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर घ्यायचं. त्याने लघवी गडद तपकिरी झाली तर घाबरू नका. जळजळ शमवणारं गोडसर सरबतासारखं औषध मिळतं, त्याने आराम पडतो, जंतू मरत नाहीत.

तरुण, एरवी निरोगी बाईला पहिल्यांदाच त्रास झाला असेल तर कल्चर, म्हणजे लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी, लागतेच असं नाही. पण पुन्हा पुन्हा होत असेल, रुग्ण गरोदर असेल, पुरुष किंवा लहान मूल असेल, मधुमेह असेल, तर कल्चर करावं, आणि नमुना पहिली गोळी घेण्याआधी द्यावा. नमुना म्हटलं की आमच्याकडे खोकल्याच्या औषधाची बाटली विसळून, वर्तमानपत्रात गुंडाळून येते. तिच्यातले जंतू कोणाचे, हे ओळखणार कोण? प्रयोगशाळेतून निर्जंतुक डबी घ्या. आतून हात लावू नका. जागा साध्या पाण्याने धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली डबीत धरा. दोन तासांत पोचवा. जमणार नसेल तर पिशवीत बांधून फ्रिजमध्ये ठेवा. घरचे नाक मुरडतील, मुरडू द्या. अहवाल दोन-तीन दिवसांत येतो आणि कोणतं औषध लागू पडेल ते सांगतो.

थंडी वाजून ताप, बरगडीखाली कुशीत किंवा पाठीत दुखणं, उलट्या, यातलं काही असेल तर संसर्ग मूत्रपिंडापर्यंत चढलेला असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा. तान्ह्या बाळाला नुसताच ताप असतो, कारण सापडत नाही. तिथे लघवी तपासायला हवी. गरोदरपणात काहीही त्रास नसतानाही लघवीत जंतू सापडू शकतात, आणि तेव्हा औषध घ्यावंच लागतं, नाही तर मूत्रपिंडाला धोका आणि बाळंतपण वेळेआधी होण्याचीही भीती. उलट आजीच्या अहवालात 'पस सेल्स', म्हणजे पूच्या पेशी, दिसल्या पण तिला तक्रार काहीच नाही, तर बहुधा गोळीची गरज नसते. पाळी गेलेल्या बायकांना वारंवार होत असेल तर योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं मलम उपयोगी पडतं, त्याबद्दल विचारा. आजोबांची धार बारीक झाली असेल तर प्रोस्टेट बघा.

पुसताना नेहमी पुढून मागे. मुलींना हे लहानपणीच शिकवा. सुवासिक साबण, जंतुनाशक द्रव तिथे नकोत. बद्धकोष्ठता असेल तर ती घालवा. सार्वजनिक संडासाच्या भांड्यावरून हा आजार सहसा लागत नाही. दिवसभर कोंडून धरण्याने लागतो. अधांतरी उकिडवं राहिलं तर मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही, म्हणून पुसून घ्या आणि नीट बसा. आणि नवरा-बायकोच्या संबंधांनंतर लघवीला जाऊन यावं. हे रेडिओवर बोलायचं का, असं येताना मनात आलं होतं. पण लग्नाला महिना झालेली मुलगी रडत समोर बसते आणि सांगते, "मला काहीतरी वाईट रोग झालाय," तेव्हा वाटतं, कोणीतरी हे तिला आधीच सांगायला हवं होतं.

त्या शिक्षिकाबाईंचं सांगायचं राहिलं. पाचव्यांदा त्या आल्या त्या घसा दुखतो म्हणून. पर्समधून चिठ्ठी काढताना एक पितळी किल्ली टेबलावर पडली. शाळेतल्या तिघी बाईंनी वर्गणी काढून तिच्या तीन किल्ल्या करून घेतल्या होत्या. पंधरा-पंधरा रुपयांना.

नमस्कार.