ताटली, सुरी आणि सांबा

नमस्कार मंडळी, जेवणं झाली का? झाली असतील तर एक काचेची ताटली घ्या आणि तिच्या काठावर सुरी घासून बघा, खर्र-चिक-चिक, खर्र-चिक-चिक. घरातलं कुणीतरी ओरडेलच, पण ब्राझीलच्या बाहिया भागात हे चक्क वाद्य आहे बरं का. सांबा म्हणजे तिथला नाच-गाण्याचा प्रकार, आणि सांबा दी रोडा म्हणजे रिंगणातला सांबा, त्यात बायका टाळ्यांचा ठेका धरतात, गातात आणि एकजण अशी ताटली वाजवत असते.

पोर्तुगीजांच्या काळापासून सुमारे 48 लाख माणसं आफ्रिकेतून गुलाम म्हणून ब्राझीलला नेली, कुणी अंगोला-काँगोकडची, कुणी पश्चिम आफ्रिकेतल्या योरुबा लोकांपैकी, आणि गुलामगिरी कायद्यानं संपली कधी, तर 13 मे 1888 ला! सामान काय असणार हो त्यांच्याकडे, जे होतं ते डोक्यात आणि हातात.

ब्राझीलचं संगीत म्हणजे संस्कृतींचं सुंदर मिश्रण असं सगळीकडे लिहिलेलं असतं, मला ते वाक्य जरा गुळगुळीत वाटतं, कारण सांबा वाजवणाऱ्यांना पोलीस पकडायचे. रिओमधला सांबा वादक झुआंव दा बायाना, त्याचं पांदेरू, म्हणजे आपल्या खंजिरीचं भावंडच म्हणा, पोलिसांनी हिसकावून घेतलं आणि त्यामुळे एका सिनेटरच्या घरच्या पार्टीत तो वाजवायला गेलाच नाही. साहेबांना कारण कळलं, त्यांनी नवीन पांदेरू करवून दिलं आणि त्यावर स्वतःचं नाव कोरून घेतलं. मग काय, हात लावायची कुणाची टाप! हा किस्सा तो स्वतःच सांगायचा.

आणि रिओतली तिया सियाता. तिया म्हणजे आत्या किंवा मावशी, काहीही म्हणा. बाहियातून आलेली, पांढरे कपडे घालून रस्त्यावर मिठाई विकायची, आणि तिच्या घराची गंमत अशी सांगतात की पुढच्या खोलीत शोरू, म्हणजे बासरी-गिटारवरचं संगीत, ते सभ्य लोकांना चालायचं, मागच्या अंगणात सांबा, आणि कांदोंब्ले या आफ्रिकी मुळांच्या धर्माचे देव बोलवायचे ढोलही त्याच घरी, म्हणजे पोलीस दारात आले तरी ऐकू काय येणार, बासरी! तिथल्याच बैठकांमधून एक गाणं तयार झालं आणि 1916 मध्ये डोंगा नावाच्या वादकानं ते आपल्या नावावर नोंदवलं, त्यावरून भांडणं झाली ती वेगळीच, पण पुढच्या वर्षीच्या कार्निव्हलमध्ये ते तुफान गाजलं.

कांदोंब्लेचे ढोल तीन असतात, रुम, रुंपी आणि ले. धाकटे दोघं ठेका सोडत नाहीत, आणि थोरला रुम नाचणाऱ्याशी बोलतो. यातलाच इजेशा नावाचा संथ ताल घेऊन 1949 साली बाहियातल्या साल्वादोर बंदरातल्या हमालांनी कार्निव्हलमध्ये एक मिरवणूक काढली, अंगात पांढरे कपडे, डोक्याला पांढरे फेटे, आणि नाव काय ठेवलं माहितीये? ‘फिल्यूस दी गांधी’, गांधींची लेकरं! गांधीजींना जाऊन जेमतेम वर्ष झालं होतं. ती मिरवणूक अजून निघते.

चला, आता रेकॉर्ड लावतोय. शब्द नाही कळले तरी चालेल, मागं कुठंतरी ताटली वाजतेय, तेवढी शोधा.