बर्फानंतरची रात्र

(अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या डेन्व्हर परिसरातल्या मराठी बागप्रेमींसमोर एप्रिलअखेरीस दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

मंडळी, नमस्कार. या आठवड्यात तुमच्यापैकी तिघांचे फोन आले. "ताई, एवढं ऊन पडलंय, टोमॅटो बाहेर लावू ना?" तिघांनाही मी थांबा म्हणाले. दुपारचं ऊन बघून इथे रोपं लावायची नसतात, हे मला 2022 च्या मे महिन्याने शिकवलं.

19 मे 2022 ला डेन्व्हरमध्ये पारा नव्वदीच्या जवळ होता. फॅरनहाइटमध्ये, अर्थात. घरात पंखे फिरत होते. दुसऱ्या दिवशी वारा फिरला, दुपारपासून गारठा चढत गेला आणि पाऊस म्हणून सुरू झालेलं रात्री बर्फ होऊन पडायला लागलं. हे एकाएकी का होतं? आपल्या आग्नेयेला कमी दाबाचा पट्टा तयार झाला की त्याच्याभोवती फिरणारा वारा आपल्याकडे पूर्वेकडून येतो. मेक्सिकोच्या आखाताकडची ओल त्याच्यासोबत असते. हा वारा रॉकी पर्वताच्या उतारावर चढतो, चढताना गार होतो आणि ओल खाली टाकतो. कोकणातला पाऊस सह्याद्रीला अडून पडतो, तोच हा प्रकार. फक्त तिथे ढग पश्चिमेकडून येतात, इथे पूर्वेकडून.

त्या संध्याकाळी मी मिरची, टोमॅटो, वांगी सगळं झाकलं. रात्रभर बर्फ पडलं. सकाळी पाहिलं तर रोपं ठीक होती. मला वाटलं, सुटलो. पांघरुणं काढली, वाळत घातली. संध्याकाळी आकाश असं निरभ्र झालं की शेजारची मुलं चांदण्या मोजायला अंगणात आली. आणि त्या रात्री माझा अख्खा वाफा गेला. सकाळी मिरचीची पानं उकळलेल्या पालकासारखी लोंबत होती. हात लावला की पाणी सुटायचं.

म्हणून आज इथून एकच गोष्ट घेऊन जायची असेल तर ही घ्या: बर्फ पडतं त्या रात्रीपेक्षा त्यानंतरची मोकळ्या आकाशाची रात्र जास्त वाईट. ढग असतात तेव्हा जमिनीची ऊब वर जाते आणि ढगांकडून बरीचशी परत येते. ढग हटले, वारा पडला, हवा कोरडी असली की ती ऊब सरळ आकाशात निघून जाते. त्यात जमिनीवर बर्फाचा थर असला तर खालची ऊब वरच्या हवेपर्यंत पोचतच नाही. अंदाजात सांगतात ते तापमान माणसाच्या छातीच्या उंचीवरचं असतं. अशा रात्री मातीलगत त्याहून चार-पाच अंश कमी भरू शकतं. पाणी 32 फॅरनहाइटला गोठतं, त्यामुळे फोनवर 34 दिसलं म्हणून निर्धास्त झोपू नका.

माझं बालपण निफाडकडचं. तिथे बर्फ नाही, पण डिसेंबर-जानेवारीत पारा तीन-चार सेल्सिअसवर आला की द्राक्षवाल्यांच्या घरात कोणी झोपत नाही. घड फुगवणीत असतात, मणी तडकतात. वडील रात्री अडीचला उठून मोटर चालू करायचे. विहिरीचं पाणी त्या हवेपेक्षा उबदार असतं, आणि ओली माती दिवसाची ऊब कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवते. बांधावर शेकोट्याही पेटायच्या. धुराने थंडी अडते असं सगळे म्हणायचे. खरं तर धूर फारसं काही अडवत नाही, उपयोग होतो तो जाळाच्या उबेचा. पण पाण्याबद्दल वडील शंभर टक्के बरोबर होते. इथेही तेच करा. आदल्या दिवशी दुपारी, ऊन असताना वाफ्याला पोटभर पाणी द्या. पानांवर नाही, मातीला.

आता पांघरुणाबद्दल. आपण थंडीत शाल घेतो, कारण अंगात ऊब असते. मिरचीच्या अंगात ऊब नाही, ऊब आहे मातीत. त्यामुळे रोपाला लॉलीपॉपसारखं गुंडाळून बुंध्याशी दोरी बांधली तर मातीची ऊब बाहेरच राहते. कापड तंबूसारखं जमिनीपर्यंत आलं पाहिजे, कडांवर विटा ठेवा. जुन्या चादरी चालतात. माझ्याकडे आईच्या दोन विरलेल्या सुती साड्या आहेत. नऊवारी आहेत, एका साडीत पूर्ण वाफा बसतो. प्लास्टिक असेल तर ते पानाला टेकू देऊ नका. जिथे टेकतं तिथेच पान काळं पडतं. खाली चार काठ्या रोवा. सकाळी पारा 32 च्या वर गेला की काढा, पण दुसऱ्या रात्रीसाठी हाताशी ठेवा. आणि कृपा करून पांघरुणाखाली कोळशाची शेगडी ठेवू नका.

28 फॅरनहाइट, म्हणजे उणे दोनच्या आसपास, हा आकडा लक्षात ठेवा. त्याच्या खाली काही तास गेले की साधी चादर पुरत नाही. पूर्ण फुललेल्या सफरचंदाची फुलंही तिथूनच मरायला लागतात, 25 ला जवळजवळ सगळी जातात. एप्रिल 2020 मध्ये आपल्याच राज्यातल्या पॅलिसेड गावच्या पीचचं बहुतेक पीक अशाच थंडीने गेलं. तिथे बागांमध्ये मोठाले पंखे उभे आहेत, वरची उबदार हवा खाली ओढायला, तरी गेलं. शेतकऱ्याचं वर्ष दोन रात्रींत जातं, हे मी घरी पाहिलेलं आहे. त्यामुळे ती बातमी वाचवत नव्हती.

मेथी, पालक, मटार, लसूण यांची काळजी करू नका, ते सोसतात. झाडांची करा. मे महिन्यात पानं आलेली असतात आणि हे बर्फ ओलं, जड असतं. लायलॅकची, म्हणजे त्या जांभळ्या फुलांच्या झुडपाची, फांदी वाकली तर झाडूच्या दांड्याने खालून वर हळूच उचलून झटका. वरून मारू नका. बर्फ गोठून फांदीला चिकटलं असेल तर हातच लावू नका, मोडेल. रात्री झोपण्याआधी एकदा बाहेर जा, पडतं आहे तोवर झटकलेलं सोपं जातं.

घराबाहेरचा स्प्रिंकलरचा पितळी नळ जुन्या टॉवेलने गुंडाळा, वरून प्लास्टिक बांधा. बागेची नळी तोटीपासून सोडवा.

आणि काळं पडलेलं रोप लगेच उपटू नका. आठवडाभर थांबा. माझ्या त्या वाफ्यातल्या दोन मिरच्यांना बुंध्याजवळून पुन्हा फूट आली. ऑगस्टमध्ये त्यांच्याच मिरच्यांचा ठेचा केला. कुंडीतला कढीपत्ता मात्र मी जून लागल्याशिवाय दाराबाहेर काढत नाही.