शिलोंड्याच्या ओढ्याकाठी

बोरिवली पूर्वेला नॅशनल पार्कच्या गेटातून आत शिरलो आणि कान्हेरीचा डांबरी रस्ता मागे पडला, की मुंबई संपल्यासारखी वाटते. ती संपलेली नसते. 100 चौरस किलोमीटरहून मोठं हे जंगल मुंबईचंच आहे, आणि शिलोंड्याची पायवाट त्यात अगदी छोटी. पण इथे घाईने चालणं म्हणजे आल्यापावली परत जाणं.

शेजारून ओढा वाहतोय. पावसाळा नुकताच सरलाय, पाणी नितळ आहे. तळाचा काळा खडक ज्वालामुखीच्या उद्रेकातून घडला. पलीकडे कान्हेरीला बौद्ध भिक्षूंनी असाच कातळ कोरून लेणी घडवली आणि लेण्यांगणिक पाण्याची टाकी खोदली. डोंगरावर पडणारा पाऊस वाया जाऊ द्यायचा नाही, हे त्यांना पुरतं उमगलं होतं.

इथे जरा थांबा. दोन झाडांच्या मधे, डोक्याच्या उंचीवर हे कोळ्याचं जाळं बघा. उन्हाची तिरीप आली की धागे पिवळेधमक, सोनेरी दिसतात. मधोमध बसलीय ती मादी, पाय पसरले तर तळहात भरेल एवढी. आता तिच्याच जाळ्यावर तो तांबूस ठिपका शोधा. तो नर! त्याला एकदा पाहिलं की पुढचं प्रत्येक जाळं तुम्ही निरखूनच बघाल.

काठावरच्या उंबराला फळं थेट खोडावर लगडलीत. पक्षी, माकडं, रात्री वटवाघळं, सगळ्यांचं पोट या झाडावर. पलीकडच्या उतारावर कारवी. तिच्या काठ्यांवर माती लिंपून इथल्या पाड्यांमधले वारली आपल्या घरांच्या भिंती उभारत आलेत. इथली कारवी आठ वर्षांतून एकदा फुलते. 2016 मध्ये फुलली, मग 2024 मध्ये. दोन्ही वेळा हुकल्या असतील, तर 2032 साल आताच मनात धरा.

याच जंगलात तुळशी तलावापाशी दहिसर नदी उगम पावते. बोरिवली, दहिसर ओलांडून ती मनोरीच्या खाडीला मिळते. वाटेत सांडपाणी, कचरा आणि काँक्रीटच्या भिंती. पुलावरून जाताना नाक दाबणाऱ्या कितीतरी जणांनी तिला जंगलातून वाहताना पाहिलेलंच नाही. म्हणून मुलांना इथे आणा, वनविभागाची परवानगी काढून, वाटाड्या सोबत घेऊन. ओढ्यातल्या दगडाखालचा खेकडा त्यांना दाखवा, आणि परतताना दहिसरच्या पुलावर उतरून तीच नदीही दाखवा.