मिलीवॉटच्या आधी

ड्रोनच्या रेंजचा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ट्रान्समीटर किती मिलीवॉटचा घेऊ? तेव्हा आधी त्याचंच गणित उरकून टाकू. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की रिसीव्हरपर्यंत पोहोचणारी शक्ती चौथाईवर येते. म्हणजे रेंज दुप्पट हवी तर पॉवर चौपट लागते. 25 मिलीवॉटवरून 100 वर गेलात की एकदा दुप्पट, पुढची दुप्पट 400 वर, त्यापुढची 1600 वर. तोवर ट्रान्समीटर चटका बसण्याइतका तापलेला असतो, शेजारी उडवणाऱ्यांचा व्हिडिओ गेलेला असतो आणि पुष्कळ देशांत कायद्याची मर्यादा तुम्ही केव्हाच ओलांडलेली असते. शक्तीची पट डेसिबलमध्ये मोजतात, आणि चौपट म्हणजे 6 डेसिबल. हा आकडा डोक्यात ठेवा. एवढ्या 6 डेसिबलसाठी लोक खिसा रिकामा करतात, आणि त्याच्या कितीतरी पट डेसिबल स्वतःच्या हाताने वाया घालवतात.

वाया जातात ते मुख्यतः अँटेनात. रिमोटची दांडी ड्रोनकडे रोखून धरणारे खूप दिसतात, जणू टोकातून काही बाहेर उडतंय. उलट आहे. साध्या दांडीच्या अँटेनातून लहरी कडेने, चहूबाजूंना पसरतात आणि टोकाच्या रोखाने जवळजवळ काहीच जात नाही. टोक रोखलंत म्हणजे सर्वांत वाईट दिशा निवडलीत. दांडीची कूस ड्रोनकडे हवी. घडीच्या ड्रोनच्या रिमोटला चपटी पाती असतात, त्यांचा सपाट चेहरा ड्रोनकडे करायचा.

दुसरी गोष्ट उभ्या-आडव्याची. एक अँटेना उभी आणि दुसरी आडवी असेल तर 20 डेसिबलपर्यंत तोटा होऊ शकतो, म्हणजे रेंज थेट दहाव्या हिश्शावर. ड्रोन वळताना कलतोच, म्हणून रिसीव्हरला दोन अँटेना असतील तर त्या एकमेकींशी काटकोनात लावा. दोन्ही समांतर बांधल्या तर दुसरीचा निम्मा फायदा गेला. व्हिडिओसाठी गोलाकार ध्रुवीकरणाच्या, म्हणजे लहर मळसूत्रासारखी फिरवत सोडणाऱ्या, अँटेना वापरत असाल तर दोन्ही टोकांना फिरण्याची दिशा एकच हवी, दोन्ही उजव्या किंवा दोन्ही डाव्या. एका टोकाला गोलाकार आणि दुसऱ्याला साधी दांडी असेल तर 3 डेसिबल जातात, ते एक वेळ चालेल. उजवी-डावी अशी उलटी जोडी मात्र चालत नाही.

आता रिसीव्हरची बारीक तार हातात घेऊन नीट बघा. अख्खी तार म्हणजे अँटेना नव्हे. रिमोटच्या 2.4 गिगाहर्ट्झ लहरींची तरंगलांबी साडेबारा सेंटीमीटर, तिचा चौथा भाग साधारण 31 मिलीमीटर. वरचं जाळीदार आवरण जिथे संपतं, त्यापुढचं हे 31 मिलीमीटरचं टोक काय ते काम करतं. बाकीची नुसती वाहिनी. आणि नेमकं हेच टोक लोक कार्बनच्या फ्रेमला चिकटवून वर झिप टाय आवळतात. कार्बन फायबर विजेचा वाहक आहे, लहरी अडवतो. ते टोक फ्रेमपासून दूर, मोकळ्या हवेत उभं राहिलं पाहिजे. प्लास्टिकच्या नळीत घालून उभं करा, दिसायला गचाळ दिसलं तरी चालेल. तारेच्या दुसऱ्या टोकाचा इवलासा बटणासारखा कनेक्टरही तपासा. तो वारंवार काढ-घाल करायला बनवलेलाच नसतो. त्याचं आयुष्य तीसएक वेळांचं धरतात. आणि व्हिडिओ ट्रान्समीटरला अँटेना नसताना कधीही वीज देऊ नका, जळतो.

इथवर आपला आवाज. आता गोंगाट. वर्गात मागच्या रांगेत कुजबुज चालली असेल तर मी ओरडू शकतो, पण ती कुजबुज थांबवणं जास्त सोपं. रिसीव्हरचंही असंच. सिग्नल किती जोरात आहे यापेक्षा तो गोंगाटाच्या किती वर आहे, हे महत्त्वाचं. रिमोटवर सिग्नलची ताकद चांगली दिसते आणि तरी लिंक क्वालिटी, म्हणजे धड पोहोचणाऱ्या संदेशांचं प्रमाण, घसरते, तेव्हा दोष अंतराचा नसतो, गोंगाटाचा असतो.

हा गोंगाट पुष्कळदा ड्रोनमध्येच बसलेला असतो. ओळखायची सोपी खूण: व्हिडिओतल्या रेघा थ्रॉटलबरोबर, म्हणजे मोटरींच्या जोराबरोबर, वाढत-कमी होत असतील तर तो विजेचा गोंगाट. बॅटरीच्या तारांवर कमी अंतर्गत रोधाचा कपॅसिटर डाकला आणि वीजतारांना पीळ दिला की बराच आटोक्यात येतो. चित्र अंतरानुसार गढूळ होत असेल तरच अँटेनाकडे वळा. जीपीएसचा सिग्नल, 1575.42 मेगाहर्ट्झवरचा, इतका क्षीण असतो की शेजारच्या कॅमेऱ्याचा गोंगाटही त्याला गिळतो. प्रोपेलर काढून, कॅमेरा बंद ठेवून उपग्रहांची संख्या बघा, मग कॅमेरा चालू करून बघा. संख्या कोसळली तर जीपीएस दांड्यावर उंच बसवा.

बाहेरच्या गोंगाटात 2.4 वर वायफायची दाटी असते, पण आजच्या नियंत्रण प्रणाली फ्रिक्वेन्सी बदलत राहतात, त्यामुळे त्या बऱ्यापैकी तग धरतात. 5.8 गिगाहर्ट्झवरचा अ‍ॅनालॉग व्हिडिओ तसा पळू शकत नाही. चार जण एकत्र उडवणार असाल तर चॅनेल आधी वाटून घ्या, आणि नुसते वेगवेगळे घेतले की झालं असं समजू नका. रेसबँड या व्हिडिओ चॅनेलांच्या संचातला दुसरा चॅनेल 5695 मेगाहर्ट्झवर आहे, तिसरा 5732 वर. दोन ट्रान्समीटर शेजारी असले की त्यांच्या मिश्रणातून नव्या फ्रिक्वेन्सी जन्मतात: 5732 ची दुप्पट करा, 5695 वजा करा, 5769 येतात. तोच चौथा चॅनेल! सगळे चॅनेल सारख्या अंतरावर असल्याचा हा प्रताप. म्हणून वाटप करताना अंतरं असमान ठेवा.

वाटेतले अडथळेही आहेतच. सरळ रेषेत ड्रोन दिसतो म्हणजे वाट मोकळी, असं नाही. एक किलोमीटरवर, 2.4 गिगाहर्ट्झला, मध्यभागी या रेषेभोवती साडेपाच मीटर त्रिज्येचा घेर लागतो, त्याचा बराचसा भाग मोकळा हवा. जमिनीलगत उडवताना लिंक का तुटते ते यात आलं. थोडी उंची घ्या, आणि ड्रोनकडे पाठ करू नका. तुमचं शरीरही लहरी अडवतं.

एवढं करूनही कमी पडलं तर पॅकेट रेट, म्हणजे रिमोट सेकंदाला किती संदेश पाठवतो तो आकडा, उतरवा. एक्स्प्रेसएलआरएस या नियंत्रण प्रणालीच्या 2.4 गिगाहर्ट्झ प्रकारात 500 हर्ट्झला संवेदनक्षमता, म्हणजे पकडता येणारा सर्वांत क्षीण सिग्नल, उणे 105 डीबीएम, 50 हर्ट्झला उणे 115. दहा डेसिबल म्हणजे रेंज जवळपास तिप्पट, आणि पॉवर तीच. प्रतिसाद जरा संथ होतो. शर्यतीत तो खटकेल, लांब उडवणाऱ्याला फारसा जाणवणार नाही.

मैदानावर गेल्यावर रिमोटमधला रेंज चेक लावा. तो पॉवर मुद्दाम पाडतो, त्यामुळे थोड्या पावलांवरच कमकुवत जागा उघड होते. अंगाभोवती ड्रोन सगळ्या बाजूंनी फिरवून घ्या. त्यानंतर, प्रोपेलर काढलेले असतानाच, मोटरी फिरवा आणि रिमोट बंद करा. मोटरी थांबल्या नाहीत, तर रिसीव्हर शेवटचा हुकूम धरून बसला आहे. अशा ड्रोनची रेंज वाढवायला घेऊ नका. आधी फेलसेफ, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटरी थांबवणारी सोय, नीट करा.