तीस किलोमीटरचं वर्तुळ

(दृश्य: टेबलावर पसरलेला कागदी नकाशा. कंपास, पेन्सिल.)

नकाशावर आपलं घर शोधा. कंपासचं टोक तिथं रोवा आणि ३० किलोमीटरचं वर्तुळ काढा. फार मोठं दिसत नाही. हमरस्त्यानं गेलं तर अर्ध्या तासात त्याच्या कडेला पोचता येतं. पण या वर्तुळाच्या पोटात जवळपास २,८०० चौरस किलोमीटर जमीन मावते, आणि तिच्यातली बहुतेक आपण कधी पाहिलेलीच नसते. पाहिलेली असते ती दोन-चार मोठ्या रस्त्यांच्या कडेची चिंचोळी पट्टी.

याच वर्तुळाचा परीघ भरतो १८८ किलोमीटर. आडवाटांनी, थांबत, बघत, चुकत गेलं की मोटरसायकलचा सरासरी वेग ताशी २५ ते ३० किलोमीटर पडतो. म्हणजे नुसता परीघ धरून फिरायचं म्हटलं तरी सकाळची संध्याकाळ होते, आणि आतला सगळा भाग उरतोच. लांबच्या मोहिमांचं कौतुक खूप होतं, ते व्हावंही. पण डांबर आणि कच्ची वाट दोन्हीवर चालणाऱ्या अ‍ॅडव्हेंचर मोटरसायकलचं खरं मोल मला या जवळच्या वर्तुळात दिसतं. घरून निघायचं, दिवसभर कच्च्या वाटांनी फिरायचं, उजेडात घरी परतायचं.

(दृश्य: वाळूतून जाणारी मोटरसायकल, मागे धुळीचा लोट.)

या जातीच्या गाड्या घडल्या वाळवंटात. २६ डिसेंबर १९७८ रोजी पॅरिसहून १८२ वाहनं निघाली, आफ्रिकेच्या पश्चिम टोकावरच्या डाकारला जायला. अंतर सुमारे १०,००० किलोमीटर. ही शर्यत भरवणारा तिएरी साबीन १९७७ मध्ये दुसऱ्या एका शर्यतीत मोटरसायकलसह वाळवंटात वाट चुकला होता. तिथून जीव वाचवून परत आल्यावर त्यानं हे आयोजन मनावर घेतलं. पहिली शर्यत जिंकली सिरिल नव्ह्योनं, यामाहाच्या एक्सटी ५०० वर. एकच सिलिंडर, ४९९ सीसी, साधी आणि दणकट गाडी. १९८० मध्ये बीएमडब्ल्यूची आर ८० जी/एस आली, लांबच्या प्रवासाला आरामाची आणि मातीतही चालणारी. पुढच्याच वर्षी ह्यूबेर ओरिओलनं तिच्यावर हीच पॅरिस-डाकार शर्यत जिंकली. डांबर आणि माती दोन्हीला पुरून उरणारी मोठी गाडी, ही कल्पना तिथून रुळली.

मग गाड्या वाढत गेल्या. पेट्रोल भरलेली आर ८० जी/एस १८६ किलोची होती. तिच्याच वंशातली आर १२५० जीएस २४९ किलोंवर गेली. लांब पल्ल्याच्या सरळ रस्त्यावर हे वजन सुखाचं असतं. अरुंद, उतरत्या वाटेवर, ओल्या मातीत गाडी मागे वळवायची वेळ आली की मात्र त्यातला प्रत्येक किलो हाताला कळतो. एका दिवसाच्या फिरण्याला हलकी गाडी चांगली, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. २०१९ मध्ये आलेली हिरो एक्सपल्स २०० जेमतेम १५५ किलोंच्या आसपासची. ताकदीचे आकडे बघितले तर किरकोळ वाटेल. पण जमिनीपासून पोटापर्यंत २२० मिलिमीटर उंची आहे, आणि पुढचं चाक २१ इंची आहे.

त्या २१ इंचांना अर्थ आहे. रस्त्यावरच्या बहुतेक स्पोर्ट्स गाड्यांचं पुढचं चाक १७ इंची असतं. वाटेत दगड आला की लहान चाक त्याला आदळतं, मोठं चाक त्यावर चढतं, कारण मोठ्या चाकाचा घेर दगडाच्या कडेला कमी चढाच्या कोनात भेटतो. त्यात सस्पेन्शन लांब दबणारं असेल तर हँडलला बसणारा हिसका आणखी कमी होतो. एवढ्यामुळे एक मोठी गोष्ट शक्य होते. फाटा दिसला, पुढचा रस्ता कसा आहे याची खात्री नाही, तरी आत शिरता येतं.

(दृश्य: डांबरी रस्त्याला फुटलेला मातीचा फाटा. गाडी थांबते. क्षणभरानं वळते.)

नकाशावर असे फाटे आधी हेरून ठेवता येतात. समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, असलेला नकाशा घ्यावा. रेषा दाटीवाटीनं असतील तिथे चढ खडा. वाट त्या रेषांना समांतर जात असेल तर ती डोंगराच्या कुशीनं, फारसा चढ-उतार न करता जाते. रेषा कापत जात असेल तर दम काढणार. मोठे रस्ते टेकडी फोडून सरळ जातात. लहान वाटांना तेवढा खर्च कुणी केलेला नसतो, म्हणून त्या ओढ्याला वळसा घालतात, शेताच्या बांधानं जातात, उतार शोधत खाली येतात. अशा वाटेनं गेलं की जमिनीची ठेवण अंगाला कळते. पाणी कुठून येतं, कुठं जातं, वस्ती नेमकी इथंच का झाली, हे गाडीवर बसल्या बसल्या उमगायला लागतं. मला या फिरण्यातलं सर्वात मोठं सुख हेच वाटतं.

२००४ मध्ये सुरू झालेल्या ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशात जगभरच्या स्वयंसेवकांनी अशा असंख्य वाटा भरल्या आहेत. नकाशा फोनमध्ये उतरवून घेता येतो, मग रेंज नसली तरी अडत नाही. एवढं धरून चालावं की नकाशातली रेघ कुणीतरी कधीतरी काढलेली आहे. मधल्या काळात वाट खचलेली असू शकते, कुंपणात गेलेली असू शकते. कुंपण किंवा मनाईची पाटी दिसली की मागे वळायचं. बंद फाटक उघडून जायची मुभा असेल तर ते होतं तसं पुन्हा लावायचं.

आता चाकाखालची माती.

सुट्या खडीवर पुढचं चाक डुलायला लागतं आणि नवखा माणूस हँडल गच्च आवळतो. तिथंच गोष्ट बिघडते. मोटरसायकलचं पुढचं चाक अशा रीतीनं बसवलेलं असतं की त्याचा जमिनीला टेकणारा भाग हँडलच्या कण्याच्या रेषेपेक्षा थोडा मागे राहतो. त्यामुळे पुढे जाताना चाक आपोआप सरळ व्हायला बघतं. आवळलेले हात त्याला तसं होऊ देत नाहीत. म्हणून हात सैल, कोपर बाहेर, गुडघ्यांनी टाकी धरलेली, आणि फुटरेस्टवर उभं. उभं राहिलं की पाय स्प्रिंगचं काम करतात, गाडी खाली हलत राहते, वरचं शरीर स्थिर राहतं, आणि नजर लांबवर पोचते. नजर जिथं, गाडी तिथं. खड्ड्याकडे बघत राहिलं तर गाडी खड्ड्यातच जाते.

वेगाचा हिशेब मात्र कुणाला चुकत नाही. ताशी ४० किलोमीटरला एका सेकंदात ११ मीटर मागे पडतात, ६० ला जवळपास १७. ब्रेक लागल्यावर थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गानं वाढतं, म्हणजे वेग दीडपट झाला की अंतर सव्वादोनपट. हे तर पक्क्या रस्त्यालाही लागू आहे. सुट्या मातीत टायरची पकड मुळातच कमी, तेव्हा अंतर आणखी वाढतं. पुढचा ब्रेक दोन बोटांनी, हळूहळू दाबत न्यायचा. एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणारी यंत्रणा. मागच्या चाकाचं एबीएस बंद करायची सोय अनेक गाड्यांत असते. खडीच्या उतारावर एबीएस चाक पुन्हा पुन्हा मोकळं करतं. अडकलेलं चाक मात्र मातीत रुततं, आपल्यापुढे मातीचा ढीग साचवतं आणि गाडी थांबवतं. पुढच्या चाकाचं एबीएस चालूच ठेवावं.

हवेचंही तसंच. डांबरावर ३० पीएसआय ठेवत असाल तर मातीत २४-२५ पर्यंत उतरवली की टायर थोडा पसरतो आणि पकड वाढते. त्याहून फार खाली गेलं की दगडावर ट्यूब चिमटते, रिमला पोचा पडतो. हवा मोजायचं साधन आणि छोटा पंप जवळ हवाच.

(दृश्य: तीच वाट दुपारी आणि मग उतरत्या उन्हात.)

उजेडाबद्दल फार कुणी बोलत नाही, म्हणून इथं जरा थांबू. भर दुपारी ऊन डोक्यावरून पडतं. खड्डे, चाकोऱ्या, उंचवटे यांना सावलीच उरत नाही आणि सगळी वाट सपाट दिसते. सकाळी आणि दुपार कलल्यावर तीच वाट रेखीव होते, प्रत्येक खळग्याला काळी कड येते. पण सूर्य अगदी समोर आला की डोळे दिपतात, म्हणून फेरा ठरवतानाच सकाळी पश्चिमेकडे आणि संध्याकाळी पूर्वेकडे जायचं जमवता आलं तर उत्तम. झाडांखालच्या कवडशांत वेग आधीच कमी करावा. उन्हाच्या ठिपक्यांत दगड हरवतात आणि सावलीतली माती बराच वेळ ओली राहते.

परतीची वेळ निघतानाच ठरवायची. टाकीचा प्रश्न क्वचित येतो. १३ लिटर पेट्रोल आणि लिटरला ३० किलोमीटर धरलं तरी ३९० किलोमीटर होतात, दिवसाच्या फेऱ्याच्या दुप्पट. आधी संपतो तो उजेड, आणि त्याच्याही आधी माणूस. जॅकेटखाली घाम येतो, वाऱ्यानं लगेच वाळतो, तहान उशिरा लागते. मनगटं जड होतात, प्रतिसाद मंदावतो. म्हणून तहान लागायच्या आधी पाणी, आणि उजेडाच्या अर्ध्याच्या थोडं आधीच माघारी. पुढचं वळण कितीही खुणावत असलं तरी. कुठल्या वाटेनं जाणार हे घरी सांगून ठेवायचं.

(दृश्य: आडवी पडलेली मोटरसायकल. एक माणूस हेल्मेट काढून तिच्याभोवती फिरून पाहतो.)

गाडी पडते. कच्च्या वाटेवर संथ वेगात पडणं हा या फिरण्याचा भाग आहे, आणि अशा पडण्यात घोटा गाडीखाली सापडण्याची भीती असते. घोट्याच्या वरपर्यंत येणारे टणक बूट यासाठीच. आधी इंजिन बंद. मग दम घ्यायचा. घाईनं उचलायला गेलं की पाठ धरते. गाडी उजव्या बाजूला पडली असेल तर डावीकडचं साइड स्टँड आधीच उघडायचं, गाडी गिअरमध्ये टाकायची, हँडल जमिनीकडे पूर्ण वळवायचं. सीटला पाठ लावून बसायचं, एक हात हँडलवर, दुसरा मागच्या चौकटीवर. आणि पाठ सरळ ठेवून, पायांच्या जोरावर, छोटी छोटी पावलं मागे टाकत गाडी उभी करायची. आपल्या अंगणात, कुणाला तरी सोबत घेऊन, हे एकदा करून बघावं.

ओढ्यात शिरायच्या आधी चालत जाऊन तळ बघावा. तळ दिसत नसेल तर जाऊ नये.

आडवाटांवर लोक राहतात, हे मला सर्वात महत्त्वाचं वाटतं. आपली हौस त्यांच्या दारातून जाते. घर दिसलं की वेग इतका उतरवायचा की मागे फुफाटा उठणार नाही. गुरं समोर आली तर इंजिन बंद करून उभं राहायचं, राखणारा हात करेल तेव्हाच निघायचं. मोठा आवाज करणारा सायलेन्सर लावून अशा वाटांवर जाऊच नये. चार गाड्यांनी धुरळा आणि गोंगाट केला की पाचव्यासाठी फाटक बंद होतं, आणि मग ते उघडत नाही.

(दृश्य: घर. गाडी स्टँडवर. हातात पाना.)

डांबरावर परत येताच हवा पुन्हा भरून घ्यायची. घरी आल्यावर चेन पुसून तेल द्यायचं आणि तिची ढील बघायची. धक्क्यांनी नट सैल होतात, म्हणून फुटरेस्ट, आरसे, नंबरप्लेट हातानं हलवून बघायची. स्पोकवर पान्यानं हलकेच ठोकत चाक फिरवायचं. ताणलेल्या तारेचा आवाज खणखणीत येतो, सैल झालेलीचा बद्द. सैल सापडली तर त्याच संध्याकाळी आवळून घ्यायची, कारण तिच्या वाटचा भार शेजारच्या तारांवर जातो. शेवटी एअर फिल्टर उघडायचा. दिवसभर दुसऱ्या गाडीच्या मागे, तिच्या धुळीत चालला असाल, तर तो पुढच्या फेऱ्याआधी साफ करावाच लागेल.