जुन्या लष्करी रायफलीचा रास्त भाव

(दृश्य: टपालाने आलेलं लांबट पुठ्ठ्याचं खोकं. दोरी सुटते.)

मार्च 1963. शिकागोतल्या एका दुकानातून डॅलसच्या पत्त्यावर रायफल रवाना होते. इटालियन कार्कानो, 1940 सालची, वर दुर्बीण बसवलेली. किंमत 19 डॉलर 95 सेंट, वर दीड डॉलर टपालखर्च. मागवणारा ली हार्वी ऑस्वाल्ड, नाव मात्र खोटं दिलेलं. पुढे नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्ष केनेडींचा खून झाला, ते जगाला ठाऊक आहे.

आपल्याला आज त्या खुनात शिरायचं नाही. आपल्याला पाहायचे आहेत ते वीस डॉलर. सैन्याची रायफल, दुर्बिणीसकट, वीस डॉलरला! कारण तेव्हा हा माल मोडीतच निघाला होता. महायुद्ध संपलं, सरकारांनी गोदामं रिकामी केली आणि दुकानांत रायफली पिंपात छत्र्या ठेवाव्यात तशा उभ्या राहिल्या. घेणाऱ्याला हरणाच्या शिकारीसाठी स्वस्त हत्यार हवं होतं. त्यानं घरी नेऊन पुढचं लाकूड करवतीनं उडवलं, संगीन अडकवायची जागा घासून काढली, दस्त्याला चकचकीत वॉर्निश मारलं. त्या पैशात ते शहाणपणाचंही होतं.

आज भाव ठरतो तो याच कापाकापीवरून. रायफल किती जुनी, हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की सैन्यातून बाहेर पडल्यावर तिला कुणाकुणाचे हात लागले?

(दृश्य: टेबलावर शेजारी शेजारी दोन रायफली.)

या दोन्ही कार-98-के, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन सैन्याच्या रायफली. समजा, एकाच कारखान्याच्या, एकाच सालच्या. लांबून पाहिलं तर उजवी जास्त देखणी, काळीभोर, लाकडावर चमक. डावीचा रंग विटलाय, दस्त्यावर ओरखडे आहेत. नवखा माणूस उजवीला हात घालतो.

आता जवळ या. उजवीच्या बोल्टवरचा, म्हणजे काडतूस नळीत ढकलणाऱ्या सरकत्या दांड्यावरचा, आकडा बघा. ठोकलेला नाही, विजेच्या लेखणीनं खरवडून लिहिल्यासारखा आहे. रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट ज्यात सरकतो त्या पोलादी सांगाड्यावर, फुलीसारखी छोटी खूण. ही सोव्हिएत सैन्यानं जिंकून नेलेली रायफल. त्यांनी हजारो रायफली एकत्र खोलल्या, साफ केल्या, हाताला येतील ते भाग जोडले आणि नंबर नव्यानं टाकले. डावीवर मात्र रिसीव्हर, बोल्ट, नळी आणि लाकूड बांधून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, दस्ता, अगदी स्क्रूपर्यंत कारखान्यात ठोकलेला एकच नंबर आहे. संग्राहकांच्या भाषेत ‘मॅचिंग’. या विटक्या रायफलीला त्या चमकदारपेक्षा कित्येक पट भाव येतो.

पण थांबा, डावीचा पुढचा पट्टा जरा सरकवून पाहा. खाली लाकडात बारीक आडवी चीर दिसली, तर दस्ता कापून पुन्हा चिकटवलेला आहे. परतणाऱ्या अमेरिकन सैनिकांनी सामानाच्या पिशवीत रायफल मावावी म्हणून पट्ट्याखालीच लाकूड कापलं, म्हणजे जोड दिसू नये. इतिहास म्हणून मला ही चीर फार आवडते. भावातून मात्र ती चांगलीच रक्कम खाऊन जाते.

आणि रंधा, पॉलिशपेपर, नवं ब्लूइंग, म्हणजे पोलादावर चढवलेला निळा-काळा थर? विकणारा सांगतो, ‘नव्यासारखी केलीय.’ त्याला वाटतं त्यानं भर घातली. घासलेल्या लाकडातून तपासनिसांचे शिक्के गेले, ते परत येत नाहीत.

(दृश्य: दिव्याच्या उजेडात नळीचं आतलं टोक.)

नळी. बोल्ट काढा, रायफल रिकामी आहे याची खात्री करा आणि उजेडाकडे धरून आरपार पाहा. गोळीला फिरकी देणारे आतले आटे धारदार हवेत. काळे खड्डे दिसले तर दोष बहुधा जुन्या काडतुसांचा. त्यांच्या ठिणगी पाडणाऱ्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असे. झाडल्यावर मागे मीठ उरतं, मीठ हवेतली ओल ओढतं आणि पोलाद कुरतडतं. त्याच संध्याकाळी पाण्यानं धुतली नाही, तर वर्षांनुवर्षांची काळजी वाया. स्वीडिश माउझरवाले याबाबत भाग्यवान. दस्त्यावरच्या पितळी चकतीवर लष्करी कारागिरानं नळीचा शेरा मारून ठेवलेला असतो. अर्थात तो त्या दिवसापुरता, आणि चकती बदलताही येते.

गोळी झाडायची असेल तर हिशेब आणखी वेगळा. अमेरिकेच्या स्प्रिंगफील्ड 1903 चं उदाहरण घ्या. स्प्रिंगफील्ड कारखान्याच्या सुमारे 8,00,000 नंबराच्या आतल्या रायफलींचे रिसीव्हर ठिसूळ असू शकतात. भट्टीतल्या पोलादाचं तापमान कामगार रंगावरून नजरेनं ओळखत, आणि ढगाळ दिवशी व लख्ख उन्हात तोच रंग वेगळा दिसतो. अशी रायफल भिंतीवर शोभते. तिला झाडायच्या रायफलीचा भाव देऊ नये, आणि कोणतीही जुनी रायफल जाणकार बंदूक-कारागिरानं तपासल्याशिवाय झाडू नये.

(दृश्य: राजमुकुटाचा शिक्का, कॅमेरा अगदी जवळ.)

आता नकला. खैबरच्या परिसरात पिढ्यान्‌पिढ्या हातानं रायफली घडवल्या गेल्या आणि ब्रिटिश शिक्केही. कारागिरी कधी कधी थक्क करणारी, पण शिक्का पाडणाऱ्याला इंग्रजी वाचता येईच असं नाही. एखादं अक्षर उलटं, एन्‌फील्डचं स्पेलिंग चुकलेलं. सर्वांत मजेची चूक साल आणि राजमुद्रेची. ली-एन्‌फील्ड या ब्रिटिश रायफलीचा मार्क थ्री हा नमुना आला 1907 मध्ये. व्हिक्टोरिया राणी वारली 1901 च्या जानेवारीत. तेव्हा मार्क थ्रीवर तिची ‘व्ही. आर.’, म्हणजे व्हिक्टोरिया रेजिना, ही अक्षरं दिसली की समजावं, शिक्का कुठेतरी दुसरीकडेच पडलाय. नक्कल म्हणूनही तिला गिऱ्हाईक आहे, फक्त पैसे नकलेचे द्यावेत.

जपानी सैन्याच्या अरिसाका रायफलीवर याच्या उलट. रिसीव्हरवरचं सोळा पाकळ्यांचं शाही शेवंतीचं फूल शरणागतीनंतर बहुतेक रायफलींवरून घासून टाकलं गेलं. फूल शाबूत, तर भाव चढा.

कागदाचाही, म्हणजे कायद्याचाही, भाव असतो. फिनलंडची एम-39 रायफल जोडली गेली 1940 च्या दशकात, पण रिसीव्हर जुन्या रशियन मोसिन रायफलीचा. दस्ता उतरवला की रिसीव्हरच्या शेपटीच्या खालच्या अंगाला साल दिसतं. ते 1898 किंवा त्याआधीचं निघालं, तर अमेरिकेच्या संघराज्य कायद्यानं ती ‘अँटिक’ ठरते, साध्या बंदुकीचे नियम तिला लागत नाहीत. लाकूड तेच, नळी तीच, पण त्या चार आकड्यांसाठी लोक जास्त मोजतात. इतर देशांचे नियम निराळे आहेत, म्हणून घासाघीस करण्याआधी आपल्याकडचा कायदा पाहावा.

(दृश्य: ग्रीसमध्ये माखलेल्या रायफलींची लाकडी पेटी.)

आणि पुरवठा. ‘मोसिन-नागांत’ या नावाच्या रशियन रायफली सुमारे 3 कोटी 70 लाख बनल्या. सोव्हिएत संघ कोसळल्यावर त्या पेट्यांनी बाहेर आल्या आणि अमेरिकेत बरीच वर्षं शंभर डॉलरच्या आत मिळाल्या. साठे आटले, आयात अडली, तीच रायफल काही शे डॉलरवर गेली. रायफलीत काहीच बदललं नव्हतं. म्हणून जाहिरातीतला आकडा पाहून भाव ठरवू नका, मागायला काय, कुणी काहीही मागतं. तोच नमुना, तोच कारखाना, तशीच अवस्था, आणि अलीकडच्या लिलावात प्रत्यक्ष कितीला गेला, ते शोधा. लिलावगृहाचं कमिशन त्यात धरलंय का, तेही बघा.

(दृश्य: स्विस के-31 चा दस्ता, खालची लोखंडी पट्टी.)

शेवटी ही स्विस सैन्याची के-31 रायफल. पट्टीचे दोन स्क्रू काढले की आत कधी कधी चिठ्ठी सापडते. ज्या सैनिकाला रायफल दिली होती, त्याचं नाव, जन्मसाल, तुकडी. किमतीत तिची फार भर पडत नाही. या विक्रेत्यानं आकडा लावला तेव्हा ते स्क्रू उघडलेलेच नव्हते. स्क्रूच्या खाचेत जुना मळ तसाच आहे.

(स्क्रूड्रायव्हर खाचेत बसतो. पडदा काळा.)