काळी चार, पांढरी चार आणि दहा हजार रुपये

मंडळी, नमस्कार.

चिटणीसांनी फळ्यावर विषय लिहिलाय, ‘रेकॉर्ड प्लेयर : दहा हजारांत सुधारणा’. मी फोनवर सांगितला होता ‘दहा हजारांच्या आत’. ‘च्या आत’ फळ्यावर मावलं नसावं. पण माझं सगळं भांडण त्या ‘च्या आत’साठीच आहे, तेव्हा ते तुम्ही मनातल्या मनात लिहून घ्या.

ज्यांच्या घरी प्लेयर आहे त्यांनी हात वर करा. वा, बरेच आहेत. आता ज्यांचा चालू आहे त्यांनीच हात वर ठेवा. (हशा) बघा, निम्मे खाली आले. उरलेल्यांपैकी निम्म्यांचा प्लेयर ‘तसा चालतो’ या वर्गातला असणार. तुमच्यासाठीच आज आलोय.

या छंदात नवा पडलेला माणूस सहा महिन्यांनी एकच प्रश्न विचारतो : आता पुढचं काय घेऊ? कोणी सांगतं स्पीकर घे, कोणी सांगतं कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते ती डबी, बदल, कोणी म्हणतं तारा सोन्याच्या हव्यात. मी म्हणतो, घेऊ नकोस. आधी मोज. आहे ते यंत्र जसं चालायला हवं तसं चालतंय का, ते बघ. मोजायची सगळी हत्यारं मिळून दीड हजारात येतात. ही अक्कल मला कशी आली ते दोन मिनिटांत सांगतो. (चिटणीस हसताहेत. त्यांनी ही गोष्ट ऐकलेली आहे, तिला दोन मिनिटं पुरत नाहीत हे त्यांना माहीत आहे.)

माझा थोरला भाऊ न्यू जर्सीत असतो. तिकडे लोक घरातलं जुनं सामान शनिवारी अंगणात मांडून विकतात. दादाने अशाच एका अंगणातून टर्नटेबल उचललं. सत्तरच्या दशकातलं, पट्ट्यावर चालणारं, जड, लाकडी बैठकीचं. दिवाळीला आला तेव्हा बॅगेत कपडे कमी आणि टॉवेलात गुंडाळलेलं हे धूड जास्त. सुईचा आर्म, म्हणजे दांडा, पायजम्याच्या नाडीने बांधलेला. विमानतळावर कस्टमवाल्याने विचारलं हे काय, तर दादा म्हणाला, आईचं आहे. आईला त्या वेळी याचा पत्ताही नव्हता.

आता तिकडची वीज 110-120 व्होल्टची, आपली 230 ची. दादा इलेक्ट्रिकल इंजिनियर. हे मुद्दाम सांगतोय, पुढे उपयोगी पडेल. पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या तापकीर गल्लीत जाऊन आम्ही 230 चे 110 करणारा ट्रान्सफॉर्मर आणला. दोन हातांनी उचलावा लागे. जोडला, दिवा लागला, तबकडी फिरायला लागली. घरातल्या जुन्या खयालाच्या एलपीवर सुई टेकवली. गायिका कोण ते सांगत नाही, त्यांचा यात काही दोष नाही.

आई स्वयंपाकघरात चकलीचा सोऱ्या दाबत होती. तिथूनच म्हणाली, “अरे, ही बाई अशी का गातेय?”

“अशी म्हणजे?”

“हिची काळी चार. ही पांढरी चारात गातेय. आणि तीही जरा उतरलेली.”

आई लहानपणी सात वर्षं पेटी शिकलेली, आणि काळी चार, पांढरी चार या पेटीच्याच पट्ट्या, गायकाचा सा लागतो त्या. पण आम्ही दोघं पुरुष, त्यातला एक इंजिनियर. दादा म्हणाला, “आई, हा ॲनालॉग आवाज आहे. भारदस्त असतो.” मीही मान डोलावली. खरंच भारदस्त वाटत होता हो! विलंबित तर इतका विलंबित, की समेला तबलजी येतोय की घरी गेला अशी शंका यावी. वीस मिनिटांची बाजू चोवीस मिनिटं चालत होती, आणि आम्हाला वाटलं चार मिनिटं फुकटात मिळाली.

दादा परत गेला आणि माझं मन खायला लागलं. आवाज भारदस्त होता, पण मरगळलेला. मग माझी खरेदी सुरू झाली. आधी म्हटलं सुई झिजली असेल. नवी सुई, अठराशे रुपये. मरगळ कायम. मग तारा, नऊशे. दुकानदार म्हणाला फरक कळायला कान तयार व्हावा लागतो. मी महिनाभर कान तयार केला. मग जुना ॲम्प्लिफायर घेतला, साडेसहा हजारांचा. आता मरगळ मोठ्या आवाजात ऐकू यायला लागली. बेरीज करा : नऊ हजार दोनशे. फळ्यावरचे दहा हजार ते हेच.

आई रोज तेच म्हणायची. शेवटी एका दुपारी तिने माळ्यावरची पेटी काढायला लावली. मांडीवर घेतली, म्हणाली, लाव तुझी बाई. रेकॉर्डवर षड्ज लागला, आईने पांढरी चार दाबली, आणि षड्ज त्या पट्टीच्याही केसभर खालीच राहिला. मग काळी चार दाबून दाखवली. मध्ये काळी तीन आणि पांढरी पाच. म्हणजे बाई तीन पट्ट्या उतरली होती. माणसाचा आवाज वयाने उतरतो, पण एलपीवरचा?

त्या रात्री दादाला फोन केला. तो बराच वेळ गप्प. मग म्हणाला, “अरे, हर्ट्झ!”

ज्यांना कळलं ते हसले, बाकीच्यांसाठी सांगतो. विजेत व्होल्ट असतात तसे हर्ट्झ असतात, म्हणजे विजेचे सेकंदाला होणारे हेलकावे. अमेरिकेत 60, आपल्याकडे 50. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झला हातही लावत नाही. आणि त्या काळच्या बऱ्याच टर्नटेबलांची मोटर सिंक्रोनस, म्हणजे हर्ट्झच्या तालावर फिरणारी. 60 च्या हिशेबाने घडवलेली, ती आमच्या घरी 50 वर फिरत होती. मिनिटाला 33⅓ फेऱ्या हव्यात तिथे 27.8. सहाला पाच. संगीतात हे अंतर तीन पट्ट्यांचं आणि वर थोडं. पदवीधर इंजिनियरला सहा आठवडे लागले, आईला सोऱ्या दाबता दाबता कळलं होतं.

उपाय काय? मोटरच्या दांड्यावरची पुली सहास पाच या प्रमाणात मोठी करायची. भोसरीत एका लेथवाल्याकडे गेलो. त्याने पितळेची करून दिली, ती किंचित बारीक पडली, कारण मी पट्ट्याची जाडी हिशेबात धरली नव्हती. दुसरी बरोबर बसली. दोन्हींचे मिळून तीनशे रुपये, वर चहा त्यानेच पाजला. घरी आलो, रेकॉर्ड लावली. आई आतून म्हणाली, “हां. आली घरी.”

(टाळ्या) टाळ्या आईला.

आज नवं यंत्र घेणाऱ्याला हा हर्ट्झचा त्रास सहसा नाही. आताची बरीचशी यंत्रं अडॅप्टरवर, डीसी मोटरवर चालतात. पण अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून जुनं काही येणार असेल तर मागच्या पट्टीवर 50 लिहिलंय का, एवढं फोनवर विचारून घ्या. आणि वेग मोजा. कागदावर छापलेली स्ट्रोब तबकडी मिळते. 33⅓ साठी आणि आपल्या 50 हर्ट्झसाठी तिच्यावर 180 रेघा असतात. चोकवाल्या जुन्या ट्यूबखाली फिरवायची. वेग बरोबर असेल तर रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. आमच्या यंत्रावरच्या रेघा उलट्या, मागे सरकत होत्या. बऱ्याच एलईडी दिव्यांखाली हा खेळ जमत नाही, म्हणून जिन्यातली एक चोकवाली ट्यूब मी सोसायटीला बदलू दिलेली नाही. त्यावरून वार्षिक सभेत माझ्यावर ठराव आला होता. तो विषय वेगळा. मोबाइल तबकडीवर ठेवून वेग सांगणारी ॲप्सही आहेत.

चिटणीसांनी चिठ्ठी पाठवली आहे. ‘साडेसातला योगवर्ग.’ म्हणजे बारा मिनिटं. अरे बापरे. आणि मी अजून सुईपर्यंतच आलेलो नाही.

बरं. दुसरं मोजमाप वजनाचं. सुई रेकॉर्डवर किती भाराने टेकते? पूर्वी सुई उडायला लागली की आर्मच्या डोक्यावर चार आण्याचं नाणं चिकटवायचे. किती जणांनी केलंय? खरं सांगा. ते नाणं अडीच ग्रॅमचं. चांगल्या सुईला एकूण भारच दोन ग्रॅमच्या आसपास लागतो, म्हणजे आपण दुपटीहून जास्त भार घालून रेकॉर्ड नांगरत होतो. सरकारने 2011 साली चार आणे चलनातून काढले, तेव्हा नाणेशास्त्रवाले हळहळले, मी पेढे वाटले. आज हजाराच्या आत छोटा डिजिटल काटा येतो. आर्मच्या मागचं वजन फिरवून तो आधी हवेत तरंगता, आडवा करायचा. तिथे शून्य. मग भार सुईच्या कागदावर लिहिलेल्या आकड्यापर्यंत आणायचा. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम 95ई कार्ट्रिजला 2 ग्रॅम, ऑर्टोफॉनच्या 2एम रेडला 1.8. कमी भार ठेवला तर रेकॉर्ड वाचेल असं वाटतं, पण तसं नाही. सुई खाचेत थडथडते आणि भिंती खरवडते.

तिसरं, पाणसळ. गवंड्याची लहान बाटली, दीडशे रुपये. प्लेयर समतल आहे का बघा. आपल्या पेठांतल्या घरांच्या फरश्यांना स्वतःची मतं असतात. आणि टेबल असं, की शेजारून चाललं तरी हलू नये.

आता खरेदी. भराभर सांगतो, लिहून घ्यायचं त्यांनी लिहा.

सुटकेससारखा डबा, आतच स्पीकर, असं ज्यांचं आहे त्यांनी त्यावर एक पैसाही लावू नका. त्यात बहुधा सिरॅमिक पिकअप, म्हणजे स्वस्तातलं कार्ट्रिज, असतो, भार पाच ग्रॅमपर्यंत, आणि स्पीकर ज्या डब्यात दणाणतो त्याच डब्यात सुई बसलेली. भाच्याला द्या, त्याला आवड लागली की तो स्वतः येईल विचारत.

एटी-एलपी 60 एक्ससारखं साधं स्वयंचलित यंत्र असेल तर त्यात भार बदलता येत नाही, कार्ट्रिजही बदलता येत नाही, फक्त सुई बदलते. ठीक आहे, सुई बदला आणि उरलेला पैसा स्पीकरला ठेवा. त्याच्या मागे फोनो आणि लाइन असं बटन असतं, ते बघा. पिकअपमधून निघतात जेमतेम चार-पाच मिलिव्होल्ट. शिवाय रेकॉर्ड कापताना खर्ज दाबलेला आणि तार सप्तक चढवलेलं असतं, नाहीतर खर्जाच्या नागमोडी खाचांनी सगळी जागा खाल्ली असती. ते उलटं फिरवून मूळ तोल आणायचं काम फोनो प्रीॲम्पचं. यंत्रातला प्रीॲम्प चालू आणि ॲम्प्लिफायरच्या फोनो खाचेतही तार घातलेली, असं केलं तर तेच काम दोनदा होतं आणि गाणं घागरीतून आल्यासारखं घुमतं. दोन्हीतला कुठलाच चालू नसेल तर डास गातोय असं वाटतं. माझ्या ओळखीत तीन जण या एका बटनापायी प्लेयर विकायला निघाले होते.

सुई. हिरा असला तरी काही शे तासांत झिजतो. रोज एक बाजू ऐकणाऱ्याला वर्षाला सव्वाशे तास होतात, हिशेब करा. एका बाजूची खाच सरळ केली तर चारशे मीटरच्या पुढे भरते, सुई दर बाजूला एवढं चालते. झिजलेली सुई बदलणं ही सुधारणाच आहे, आणि सगळ्यात स्वस्त. व्हीएम 95 चं अंग तेच ठेवून पुढची सुई वरच्या दर्जाची लावता येते. 2एम रेडच्या अंगावर तिच्याहून वरच्या 2एम ब्लूची सुई बसते. नवं कार्ट्रिज घेऊ नका, सुई घ्या. बाजूचा शेवटचा भाग फाटल्यासारखा वाजतो ना? तिथे दोष बहुधा तुमचा नाही. बाहेरच्या खाचेत सुईखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटर सरकतात, लेबलजवळ जेमतेम वीस-बावीस. तेवढ्याच गाण्याला निम्म्याहून कमी जागा. चांगल्या आकाराची सुई तिथेच कमाई दाखवते.

आजोबांच्या 78 च्या, म्हणजे मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या तबकड्या ज्यांच्याकडे आहेत, त्यांनी एलपीच्या सुईने वाजवू नका. ती खाच बरीच रुंद, सुई तळाशी लोळते. व्हीएम 95 मध्येच 78 साठी वेगळी सुई मिळते, एसपी नावाची, दोन सेकंदांत अदलाबदल होते. आणि त्या सुईने चुकूनही एलपी लावू नका.

धुणं. एलपीला डिस्टिल्ड वॉटर आणि मऊ कापड, लेबल कोरडं ठेवून. 78 ला स्पिरिट लावू नका हो. त्या लाखेच्या आहेत. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्येच विरघळवून पॉलिश करतो. मी विसाव्या वर्षी कापूस आणि स्पिरिट घेऊन आजोबांची एक तबकडी स्वच्छ करायला बसलो होतो. कापूस काळा झाला तेव्हा मला वाटलं, काय मळ निघतोय! तो मळ नव्हता, नाट्यपद होतं.

उरलेले सहा-सात हजार स्पीकरला. जुनी जोडी चालेल, लहान चालेल, फक्त प्लेयरच्या टेबलावर ठेवू नका. तारांबद्दल बोलायचं होतं, तो भाग गाळतो. दुकानदारही बसलेत इथे.

चार मिनिटं उरली. प्लेयर मी बरोबर आणलाय, पितळी पुलीचाच. ही 78 ची नाही, एलपीच आहे, तीच. एक द्रुत बंदिश साडेतीन मिनिटांची, तेवढीच ऐकवतो. योगवाल्यांना दाराशी थांबवा. पंखे बंद करा. आणि खुर्च्या आत्ता उचलू नका कोणी, हे टेबल वाचनालयाचं आहे, हलतं. पेटी आणली असती तर बरं झालं असतं. कोणाकडे ट्यूनरचं ॲप आहे का? बघा, काळी चार येते का.